पाच फोन, तीन हेडफोन आणि एक मल्टिमीटर

नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत रात्री पंखा बंद ठेवून बसता येते, आणि हेडफोनच्या आवाजाची तुलना करायची तर त्याइतका सोयीचा काळ दुसरा नाही. कारण पंख्याच्या घरघरीखाली फोनचा स्वतःचा बारीक सूंकार पार बुडून जातो आणि मग सगळेच फोन सारखे स्वच्छ वाटू लागतात. इंदिरानगरातल्या आमच्या घरापासून मुंबई-आग्रा महामार्ग फार लांब नाही, पण रात्री अकरानंतर एखाद्या ट्रकचा हॉर्न एवढाच काय तो व्यत्यय. या हिवाळ्यात सुमारे तीन आठवडे, जमेल त्या रात्री, मी पाच फोन आणि तीन हेडफोन आलटून पालटून ऐकले.

निमित्त पुतण्याचे. त्याला नवा फोन घ्यायचा होता आणि एम. जी. रोडवरच्या दुकानांतून फिरताना प्रत्येक ठिकाणी त्याला निराळ्याच फोनचा आवाज 'एक नंबर' असल्याचे सांगण्यात आले. गंमत अशी की दुकानात ऐकवला जातो तो फोनचा स्पीकर. हेडफोन जोडून ऐकू द्या म्हटले तर काउंटरवरचा मुलगा गोंधळतो. पुतण्याने घरी येऊन मला विचारले, "काका, खोक्यावर हाय-रेझचं चिन्ह असलेला घेतला की झालं ना?" ते चिन्ह जपान ऑडिओ सोसायटीचे असून त्याच्या अटींत ४० किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी हाताळण्याची क्षमता येते. माणसाचा कान ऐन तारुण्यातही २० किलोहर्ट्झच्या पलीकडे जात नाही आणि माझ्या वयात तर त्याच्या बराच अलीकडे थांबतो. त्यामुळे ते चिन्ह खोटे नाही, पण आपल्या प्रश्नाचे उत्तरही नाही.

माझा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. फोनाफोनांत हेडफोनच्या आवाजाचा जो फरक जाणवतो, त्याचे मूळ डीएसी नावाच्या, फाइलमधल्या अंकांचे हेडफोनला समजणाऱ्या विद्युत लहरींत रूपांतर करणाऱ्या चिपमध्ये क्वचितच असते. जाहिरातीत मिरवणारी ही चिप गेल्या दहा-बारा वर्षांत बऱ्यापैकी प्रत्येक फोनात पुरेशी चांगली झालेली आहे. फरक पडतो तो तीन साध्या गोष्टींनी: फोन पिनेवर किती व्होल्ट देऊ शकतो, त्याचा स्वतःचा आउटपुट रोध (म्हणजे बाहेर जाणाऱ्या विजेला फोनच्या आतच होणारा, ओहममध्ये मोजला जाणारा अडथळा) किती आहे, आणि शांततेत तो किती सूंसूं करतो. या तिन्ही गोष्टी कोणत्याही खोक्यावर छापलेल्या नसतात.

फोन असे होते. पहिला सॅमसंगचा २०१९ सालचा गॅलेक्सी एस१०, ज्याच्या नंतर त्या कंपनीच्या एस मालिकेतून ३.५ मिलिमीटरचा जॅक कायमचा गेला. दुसरा एलजीचा जी८एक्स, जो २०२०च्या दसऱ्याच्या ऑनलाइन सेलमध्ये १९,९९० रुपयांना विकला गेला आणि अनेकांनी केवळ त्याच्या दोन पडद्यांच्या कौतुकापोटी घेतला. तिसरा शेजाऱ्यांचा आयफोन १५, जॅक नसलेला, सोबत ॲपलचा टाइप-सी डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकात बसून हेडफोनची पिन घेणारा तुकडा. चौथा पंधरा हजारांखालचा, जॅक असलेला एक फोन, आणि पाचवा जॅक नसलेला मधल्या किमतीचा अँड्रॉइड. शेवटच्या दोघांची नावे मी देत नाही. त्या प्रत्येकाचा एकेकच वापरलेला नमुना माझ्या हाती होता, आणि एका नमुन्यावरून अख्ख्या मॉडेलला बोल लावणे मला रास्त वाटत नाही.

हेडफोन तीन. बत्तीस ओहमचा साधा इअरफोन, एकेका कानात अनेक बारीक चालक (आवाज काढणारे घटक, 'ड्रायव्हर') असलेला, कानाच्या आत बसणारा अतिसंवेदनशील इन-इअर, आणि तीनशे ओहमचा सेनहायझर एचडी ६००, जो १९९७पासून बाजारात आहे आणि फोनची ताकद जोखायला आजही त्याच्यासारखा परखड परीक्षक नाही.

ऐकायला घेतलेल्या गोष्टींत पहिला मान तंबोऱ्याचा. नुसता तंबोरा, गायन नाही. जवारी नीट लागलेली असेल तर एका तारेतून स्वरांचा जो पिसारा उलगडतो, तो फोन किती स्वच्छपणे पोचवतो हे अर्ध्या मिनिटात कळते. शिवाय तंबोरा सलग वाजत राहतो, त्यामुळे फोन बदलताना मागचा आवाज कानात टिकून असतो. दुसरी, १९२१ साली नाशिकमध्येच जन्मलेल्या पं. द. वि. पलुस्करांची जुनी ध्वनिमुद्रणे. ती मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारी, असल्याने आवाज बरोबर कपाळाच्या मध्यावर उभा राहायला हवा. तो डावीकडे किंवा उजवीकडे सरकला, तर फोनचे दोन कान सारखे नाहीत हे उघड होते. तिसरे, एका ढोल पथकाचे चांगल्या माइकवर केलेले ध्वनिमुद्रण, कारण नाशिक ढोलाचा ठोका आणि त्यावर तडतडणारा ताशा एकाच क्षणी आले की कमकुवत फोनची भंबेरी उडते.

आता पद्धत, कारण तिच्यावाचून बाकी सगळे व्यर्थ आहे. दोन फोनांपैकी जो किंचित मोठा वाजतो तो माणसाला अधिक 'चांगला' वाटतो, अधिक मोठा नव्हे. हा कानाचा स्वभाव आहे आणि दुकानदारांना तो पुरेपूर ठाऊक असतो. म्हणून प्रत्येक जोडीचा आवाज आधी मोजून समान केला. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ५० हर्ट्झचा शुद्ध स्वर पूर्ण पातळीवर वाजवायचा, पिनेवर साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावायचा आणि आकडा जुळवायचा. स्वस्त मल्टिमीटर ५० हर्ट्झच्या आसपास खरे बोलतो, वरच्या स्वरांवर त्याचा भरवसा नसतो, म्हणून हा स्वर निवडला. अडचण अशी की फोनच्या आवाजाची एकेक पायरी बरीच मोठी असते, त्यामुळे केवळ बटणे दाबून दोन फोन तंतोतंत जुळत नाहीत. उरलेला फरक गाण्याच्या ॲपमधल्या, आवाजाची पातळी बारीक फरकाने बदलणाऱ्या प्रीॲम्पच्या सोयीने काढावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण ज्यांनी ते केलेले नाही त्यांच्या 'या फोनचा बास जास्त खोल आहे' अशा विधानांवर मी आता विश्वास ठेवत नाही. पूर्वी मी स्वतःच ती करत असे.

त्याआधीचे आणखी एक काम म्हणजे फोनमधल्या सगळ्या ध्वनिसुधारणा बंद करणे. डॉल्बी ॲटमॉस, इक्वलायझर, 'अडाप्टिव्ह साउंड' वगैरे नावांनी त्या सेटिंग्जमध्ये दडून बसतात आणि काही फोनांत इअरफोन लावताच आपोआप चालू होतात. माझ्या पाचपैकी दोन फोनांतले गाजलेले 'वैशिष्ट्यपूर्ण' आवाज ते बटण बंद करताच नाहीसे झाले.

आवाज समान केल्यावर बत्तीस ओहमच्या साध्या इअरफोनवर जे झाले ते थोडे निराशाजनक होते. पुतण्या फोन लपवून पिन बदलत होता आणि मी डोळे मिटून ओळखत होतो. एस१०, एलजी आणि आयफोनचा डोंगल यांच्यात माझी उत्तरे छापा-काटा केल्यासारखी आली. तंबोरा तिन्हींवर तंबोराच होता. पुतण्याचे कान माझ्यापेक्षा तीसएक वर्षांनी तरुण, पण त्यालाही जमले नाही. साध्या इअरफोनने ऐकणाऱ्याने, आणि आपल्यापैकी बहुसंख्य तसेच ऐकतात, फोनच्या डीएसीची चिंता करू नये असे मी निःशंकपणे म्हणेन.

चित्र पालटले ते एचडी ६०० लावल्यावर. इथे थोडे गणित अटळ आहे. जॅक असलेल्या साध्या फोनच्या पिनेवर पूर्ण आवाजात साधारण अर्ध्या व्होल्टपासून एका व्होल्टपर्यंत दाब मिळतो. अर्धा व्होल्ट बत्तीस ओहमच्या इअरफोनला जवळजवळ आठ मिलिवॅट देतो, जे कान बधिर करायला पुरेसे आहे. पण तोच अर्धा व्होल्ट तीनशे ओहमच्या हेडफोनला एक मिलिवॅटदेखील देत नाही. व्होल्ट दुप्पट झाले की सहा डेसिबल वाढतात, म्हणून अर्ध्या व्होल्टचा फोन आणि दोन व्होल्टचा फोन यांच्यात बारा डेसिबलचे अंतर पडते. आधुनिक चित्रपटसंगीत आधीच दाबून मोठे केलेले असते, त्यामुळे तिथे ही तूट झाकली जाते. जुन्या शास्त्रीय ध्वनिमुद्रणात मात्र विलंबित ख्यालाची सुरुवात इतक्या हलक्या आवाजात असते की स्वस्त फोनवर व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेऊनही गायक शेजारच्या खोलीत बसल्यासारखा वाटतो.

एलजीचा जी८एक्स इथे इतरांपासून वेगळा पडतो. २०१६च्या व्ही२०पासून या कंपनीने आपल्या वरच्या फोनांत ईएसएस कंपनीचा 'क्वाड डीएसी' बसवला, आणि लोकांनी चार डीएसींच्या आकड्याचेच कौतुक केले. माझ्या मते कौतुकाची गोष्ट दुसरीच होती. पिन घालताच हा फोन हेडफोनचा रोध मोजतो आणि तो सुमारे ५० ओहमच्या वर असेल तर आपली पातळी वाढवून दोन व्होल्टच्या घरात नेतो. एचडी ६००वर ढोलाचा ठोका फक्त याच फोनवर छातीशी आला. ताशाची तडतड त्याच क्षणी शाबूत राहिली आणि व्हॉल्यूम अजून शिल्लक होता. तोच फोन साध्या इअरफोनवर मात्र खालच्या पातळीवरच राहतो, म्हणून बत्तीस ओहमवर त्याने विशेष काही दाखवले नाही यात नवल नाही. ५ एप्रिल २०२१ रोजी एलजीने फोनचा धंदा बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा आता हा फोन जुन्या बाजारातूनच मिळेल, सुरक्षेचे अपडेट नाहीत आणि बॅटरी थकलेली. केवळ संगीतासाठी, सिमकार्डाविना वापरायचा असेल तर घ्यावा. बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत.

अनेक चालकांच्या इन-इअरवर परीक्षा नेमकी उलटी होते. त्याला ताकद नकोच असते. त्याला हवा असतो कमी आउटपुट रोध आणि शांतता. अशा इन-इअरचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. समजा, एका स्वरपट्टीत तो ४० ओहम आहे आणि दुसरीत १० ओहम. फोनचा स्वतःचा रोध एक ओहम असेल तर काही बिघडत नाही. तो १० ओहम असेल तर पहिल्या पट्टीत फोनच्या दाबाचे चार-पंचमांश हेडफोनला मिळतात आणि दुसरीत निम्मेच, म्हणजे दोन पट्ट्यांत चार डेसिबलचा फरक फोननेच निर्माण केला. जणू कोणी गुपचूप इक्वलायझर फिरवला. म्हणूनच एकाच इन-इअरबद्दल एक जण 'तिखट आहे' म्हणतो आणि दुसरा 'अंधारलेला आहे' म्हणतो, आणि दोघेही आपापल्या फोनपुरते खरे असतात. ढोबळ नियम असा की फोनचा रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या भागाहून जास्त नसावा.

हा रोध घरी मोजता येतो. आधी पिनेवर काहीही भार न लावता व्होल्ट मोजायचे, मग ३३ ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा. रिकाम्या पिनेवर ०.५० आणि भार लावल्यावर ०.४८ आले, तर फोनचा रोध सुमारे दीड ओहम, म्हणजे उत्तम. आकडा ०.४०च्या खाली घसरला तर तो आठ ओहमच्या पुढे गेला आणि संवेदनशील इन-इअरसाठी फोन बाद. रेझिस्टर रुपया-दोन रुपयांना मिळतो. माझ्या पाचांतला पंधरा हजारांखालचा फोन याच चाचणीत नापास झाला, आणि तंबोऱ्याच्या जवारीवर आलेली किंचित मळभ कुठून येत होती याचा उलगडा झाला. साध्या इअरफोनवर हाच फोन अगदी ठीक वाजत होता, हेही सांगायला हवे.

त्याच फोनचा सूंकारही सर्वांत मोठा निघाला. हा आवाज व्हॉल्यूम कमी केला तरी कमी होत नाही, कारण तो गाण्याचा नसून ॲम्प्लिफायरचा असतो. त्याला ओळखण्याची युक्ती सोपी आहे: गाणे थांबवा आणि कान देऊन बसा. दोन-तीन सेकंदांनी बारीकसा 'टक्' होतो, सूंकार एकदम थांबतो, आणि तो आत्तापर्यंत चालू होता हे तेव्हाच लक्षात येते. एस१० या बाबतीत शांत होता. डोंगल लावलेला आयफोन त्याहूनही शांत. पंखा बंद, खिडक्या बंद, तरी मला काही ऐकू आले नाही. नेटवर्क २जीवर उतरले की पूर्वी जी 'टरर्र टरर्र' ऐकू यायची, ती जीएसएमच्या सेकंदाला २१७ वेळा होणाऱ्या उघडझापेची असते. आता ती क्वचितच भेटते.

जॅकविषयी एक अवांतर गोष्ट. एस१०वर पलुस्करांचा आवाज पहिल्या रात्री डावीकडे झुकलेला आला. ज्यांचा तो फोन, त्या मित्राला एका दुरुस्तीवाल्याने जॅक बदलावा लागेल असे सांगून खर्चही सांगितला होता. फोन बंद करून जॅकमध्ये लाकडी टूथपिक हलकेच फिरवली, तर खिशातल्या सुताचा आणि धुळीचा चपटा झालेला गोळा निघाला. गायक जागच्या जागी मध्यावर आला. जॅक असलेला जुना फोन ऐकण्याआधी हे करावे. निम्म्या तक्रारी तिथेच संपतील.

२०१६मध्ये आयफोन ७मधून जॅक काढला गेला तेव्हा मी बराच चिडलो होतो. आज तो राग पूर्ण ओसरलेला नसला तरी एक मान्य करतो, की जॅक गेल्यामुळे डीएसी आणि ॲम्प्लिफायर फोनबाहेर आले आणि फोन बदलला तरी आवाज तोच ठेवण्याची सोय झाली. ॲपलचा टाइप-सी डोंगल हा साधारण हजार रुपयांचा बोटभर तुकडा जवळपास एक व्होल्ट देतो, त्याचा रोध कमी आहे आणि तो शांत आहे. आयफोन १५वर तो लावताच तो एस१०च्या तोडीस तोड वाजला. युरोपात विकली जाणारी त्याची आवृत्ती तिथल्या ध्वनिमर्यादेमुळे निम्मेच व्होल्ट देते. परदेशातून कोणी आणून देत असेल तर हे लक्षात ठेवावे.

अँड्रॉइडवर मात्र या डोंगलचे वेगळेच त्रांगडे आहे. त्याच्या आत स्वतःचा आवाज-नियंत्रक आहे आणि अनेक अँड्रॉइड फोन तो पूर्ण उघडतच नाहीत, त्यामुळे पट्टी शंभर टक्क्यांवर असूनही आवाज क्षीण येतो. पाचव्या फोनवर मला हाच अनुभव आला. यूएसबीशी थेट बोलणारे एखादे ॲप वापरले की तो पूर्ण ताकदीने वाजतो, परंतु ती सोय त्या ॲपपुरतीच. यूट्यूबला तिचा उपयोग नाही. म्हणून अँड्रॉइडवाल्यांनी दुसऱ्या कंपनीचा, आत डीएसी असलेला डोंगल घ्यावा हे बरे. 'आत डीएसी असलेला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एम. जी. रोडवर दीडशे रुपयांना मिळालेल्या एका डोंगलात केवळ तारा होत्या. असे डोंगल काही जुन्या फोनांवर चालतात, कारण ते फोन टाइप-सीच्या पिनांवरच ॲनालॉग आवाज सोडतात. नव्या बहुतेक फोनांवर ते मुके राहतात. दुकानात आपला फोन आणि आपला इअरफोन लावून गाणे ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

डोंगल डीएसीचा असला तरी अँड्रॉइड सगळा आवाज साधारणपणे ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुन्यांवर, फिरवून देते, सीडीचे ४४.१ असले तरीही. अँड्रॉइड १४पासून हे टाळण्याची सोय प्रणालीत आली, पण ॲपने ती वापरायला हवी. मला या फेरबदलाचा फरक ऐकू आला नाही आणि आला असे सांगून मी वाचकांचा वेळ घेणार नाही.

ब्लूटूथचे परीक्षण मी केलेले नाही, कारण तिथे डीएसी आणि ॲम्प्लिफायर हेडफोनच्याच आत असतात आणि फोनचा वाटा आवाज आवळून पाठवण्यापुरता उरतो. एवढेच नमूद करतो की आयफोन एलडीएसी (ब्लूटूथवर आवाज कमी आवळून पाठवण्याची सोनीची पद्धत) पाठवू शकत नाही, अँड्रॉइड ८पासूनचे बहुतेक फोन पाठवू शकतात, आणि एलडीएसीचा सेकंदाला ९९० किलोबिटांचा वरचा दर गर्दीत टिकत नाही. सीबीएसवर बसची वाट पाहताना तो ३३०वर उतरलेला असण्याचीच शक्यता अधिक.

या पाचांपैकी एचडी ६००सारखा जास्त रोधाचा हेडफोन वापरणाऱ्यासाठी एलजी पहिला, आणि त्याच्या मागे बऱ्याच अंतरावर आयफोन-डोंगल व एस१० बरोबरीने. संवेदनशील इन-इअर असेल तर आयफोन-डोंगल पहिला, एस१० किंचित मागे, आणि एलजी तिसरा, कारण त्याचा बारीक सूंकार शांत रात्री मला जाणवला. साध्या इअरफोनसाठी मी क्रम लावणार नाही. तिथे पाचही चालतील आणि पैसे इअरफोनवर घालावेत.

पुतण्याने शेवटी जॅक नसलेला, चांगल्या कॅमेऱ्याचा अँड्रॉइड घेतला. हाय-रेझवाल्या फोनपेक्षा तो स्वस्त पडला. वाचलेल्या रकमेतून डीएसीचा डोंगल आणि एक बरा इन-इअर आला. डोंगल पहिल्या आठवड्यातच दोनदा हरवला, म्हणून आता तो इन-इअरच्या पिनेला काळ्या चिकटपट्टीने कायमचा बांधून टाकला आहे. ३३ ओहमचा रेझिस्टर मात्र त्याने माझ्याकडून मागून नेला. कॉलेजातल्या मित्रांचे फोन मोजायचे आहेत म्हणे.